हूडची दुमडलेली कड

मधुभाऊ गेल्याचं मला फ्लेक्सवाल्याच्या फोनवरून कळलं. "काका, सरांच्या नावामागे डॉक्टर लावू का?" कोणते सर, त्यांना काय झालं, हे मी विचारेपर्यंत त्याने फोटोही मागून टाकला. मधुभाऊ माझ्या बायकोचे थोरले भाऊ. ती तेव्हा त्यांच्याच घरी होती आणि फोन करण्याच्या अवस्थेत नव्हती. डॉक्टरेट मधुभाऊंनी कधी केली नव्हती. पण लावू नका, असंही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, लाव.

आता काही आठवडे उलटलेत आणि त्यांच्याविषयी बरंच गोड छापून आलंय. मला ते जमणार नाही. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं ऑफिस होतं. पत्रा कापण्याआधी त्यातून हवा कशी वाहील, हे तिथे कॉम्प्युटरवर काढून देत. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या अहवालांची भाषा नीट करायला जायचो. हिशोब चुकलेला दिसला आणि बोललो, की ऐकून घ्यायचो, "जावईबापू, तुमी शुद्धलेखन पाहा." केबिनमध्ये सत्काराच्या शाली काचेच्या कपाटात, आणि भिंतीवर हवेच्या निळ्या-हिरव्या प्रवाहांची मोठी रंगीत चित्रं. पाहुणा आला की त्याला आधी चित्रासमोर उभं करायचे, मग पाणी विचारायचे.

एका जिनिंग मिलचं काम आलं. कापसाची धूळ ओढून घेणारा पत्र्याचा हूड. त्याच्या कडेला बोटभर रुंदीची पट्टी, आत तिरपी दुमडलेली. कडेशी आलेली धूळ परत बाहेर सांडू नये, म्हणून. काम होतं ऑफिसातल्या नाजियाकडे. या हिशोबासाठी हूडमधली हवा बारीक बारीक कप्प्यांत वाटावी लागते. त्याला ते जाळी म्हणतात. तिरपी पट्टी भिंतीला जिथे मिळते, तिथल्या चिंचोळ्या कोनात कप्पे चिरडून कुसळासारखे होतात आणि सगळा हिशोब कोलमडतो. नाजियाचाही कोलमडत होता.

"पट्टी उडव," मधुभाऊ म्हणाले. "सरळ कड घे. जाळी कशी लोण्यासारखी बसते पाह्य."

"सर, पट्टीसाठीच तर हूड आहे."

"कोणाले दिसते ते?"

"त्या हूडखाली माझी अम्मी बसते, सर. कापूस निवडाले."

मधुभाऊ हसले. "मंग अम्मीले सांग, चित्र मस्त येऊन राह्यलं म्हणून."

वाईट याचं वाटतं, की तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. कोन अडचणीचा असेल तर तिथेच जास्त वेळ द्यायचा, हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. पण तेव्हा कपाटात शाली नव्हत्या...

पट्टी उडाली, चित्र झळकलं. मिलमालक ते न्याहाळत म्हणाले, "भाऊ, याच्यात तं पट्टीच नाही, तरी हवा कशी ओढून राह्यली! मंग पत्रा कायले वाकवाचा?" पट्टी फक्त हिशोबापुरती काढली आहे, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. मधुभाऊ म्हणाले, "बराबर पकडलं तुमी." हूड सरळ कडेचा झाला. एरवी पत्रा मापांच्या नकाशावरून कापतात; भिंतीवरच्या चित्रावरून कापला गेल्याचं मी पाहिलेलं हे एकमेव उदाहरण.

नाजियाने हट्टाने काम चालूच ठेवलं. कोनाचं टोक अगदी किंचित बोथट केलं, कप्पे तिथे बारीक आणि पुढे हळूहळू मोठे होत जातील असे रचले, आणि हिशोब उभा राहिला. दोन्ही कडा शेजारी ठेवून पाहिल्या, तर पट्टीशिवाय धूळ कडेवरून वळून नेमकी खाली बसलेल्यांच्या तोंडावर येत होती. तिने ते मधुभाऊंना दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाले, "आता ते पह्यलं चित्र फ्रेम करून मालकाले पाठोलं ना आपण."

शोकसभेत मालकांनी आणलेली तीच फ्रेम त्यांच्या फोटोमागे. नाजिया आपलं चित्र घेऊन आली होती. सभा संपली की मालकांना गाठायचं, पट्टी बसवून घ्यायची, असं आम्ही ठरवलं होतं. अम्मीही आल्या होत्या, ओढणीत खोकत. "जाने वाले का बुरा नहीं बोलते," त्या मला म्हणाल्या. मी काही कबूल केलं नाही. तेवढ्यात मालक माइकवर गेले. "मधुभाऊच्या डिझाइनले आता कोणी हात लावाचा नाही! माह्या मिलमंधी तेच त्याइचं स्मारक." टाळ्या वाजल्या, मग शोकसभा असल्याचं आठवून थांबल्या. नाजियाने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

परवा तिच्यासोबत मिलमध्ये गेलो होतो. हूडच्या सरळ कडेवर प्लास्टिकच्या फुलांचा हार लावलाय. फुलं मूळची कोणत्या रंगाची होती ते ओळखू येत नाही. वर कापसाचा जाड पांढरा थर. खाली अम्मी तोंडाला ओली ओढणी बांधून बसल्या होत्या.

"साहबचा हार रोज झटकावा लागते जी," त्या म्हणाल्या, आणि उठून त्यांनी तो झटकला... आमच्या सगळ्यांच्या अंगावर.