छप्पर उचलणाऱ्या सुलभावहिनी

सुलभावहिनींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या गाडीत, आतल्या पलंगावर वाकून उभा होतो आणि डोक्याने छप्पर वर ढकलत होतो. छप्पर हलत नव्हतं. दात आवळून, डोळे मिटून मी अंगात असलेला आणि नसलेला सगळा जोर लावला. तेवढ्यात बाहेरून शांत आवाज आला, "भाऊजी, आधी बाहेरच्या कड्या काढायच्या असतात. नाहीतर अख्खी गाडी उचलावी लागेल."

मी कड्या काढायला खाली उतरलो आणि उतरताना त्याच छपरावर डोकं आपटलं. माझी बायको नीला शेजारी उभी होती. ती हसली नाही, याचा अर्थ घरी गेल्यावर हसणार होती.

ही गाडी म्हणजे एका छोट्या ट्रकच्या पाठीवर बसवलेली खोली. धावताना छप्पर खाली बसलेलं असतं. मुक्कामाला पोचलं की ते आतून वर उचलायचं, मग चारी बाजूंच्या कापडी भिंती ताणल्या जातात आणि माणसाला ताठ उभं राहता येतं. टोकियोजवळच्या उरायासुतल्या आमच्या दहा-बारा मराठी घरांत अशी गाडी फक्त पेंडशांची. पेंडसे ऑफिसात माझे वरिष्ठ. जपानी लोक त्यांना 'पेंडसेसान' म्हणून वाकत आणि ते त्यांच्याहून खाली वाकत. पहिल्या बोनसमध्ये त्यांनी ही गाडी जुनी विकत घेतली आणि घरी येऊन सांगितलं, "सुलभा, आता होक्काइदो." सुलभावहिनी त्यांच्या पत्नी. पुण्यात कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. बिनपगारी रजा टाकून, लेक गौरीला घेऊन नवऱ्यामागे आलेल्या.

जपानच्या उत्तर टोकाचं ते होक्काइदो काही झालं नाही. मे महिन्यात सुट्ट्यांचा आठवडा आला, वहिनींनी भाजणी, कुकर, गौरीचे गरम कपडे सगळं गाडीत भरलं, आणि आदल्या दिवशी पेंडशांचा फोन आला की क्लायंटची सिस्टीम बसली आहे. ऑगस्टात ओबोनची, म्हणजे तिथल्या पितरांच्या सणाची, सुट्टी आली, तेव्हाही सिस्टीम बसली. आमच्या क्लायंटची सिस्टीम सणवार बघून बसायची. आम्ही बाकीचेही थांबायचो, पण पाळीपाळीने. पेंडसे प्रत्येक पाळी स्वतःकडे घ्यायचे. आपण नसलो तर सगळं बंद पडेल, असं त्यांना मनापासून वाटे. आपण असूनही ते पडतंच, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

सुट्टी बुडाली की पुढच्या रविवारी पेंडसे गाडीसाठी काहीतरी विकत आणत. आधी टपावर लोखंडी कठडा आला. मग ॲल्युमिनियमची पेटी, मग दोन सायकली, मग गुंडाळून ठेवायची ताडपत्रीची पडवी. ते स्वतः पान्हा घेऊन, शीळ घालत सगळं बसवायचे. "पुढच्या वेळी कामाला येईल बघ," म्हणायचे. आणि सोमवारी पहाटेच्या लोकलने ऑफिसला.

हे सगळं छपरावर, आणि छप्पर उचलायचं वहिनींनी. कारण गाडी पडून राहू नये म्हणून वहिनी स्वतःच गौरीला घेऊन चिबाच्या किनाऱ्यावर जायच्या. कधी आम्ही दोघंही मागे बसायचो. उचलण्याची त्यांची एक पद्धत होती. आधी दार उघडं ठेवायचं, नाहीतर आत हवा शिरत नाही आणि कापड आत ओढलं जातं. मग मागची बाजू वर करायची, ती तशी हलकी. पुढच्या बाजूला पलंगावर चढायचं, गुडघे दुमडायचे, पाठ छताच्या फळीला लावायची आणि पायांनी रेटायचं. मदतीला बसवलेल्या, गॅसच्या दाबावर चालणाऱ्या दोन दांड्या नुसत्या छपरासाठी होत्या. सामानाचं वजन त्यांच्या हिशेबात नव्हतं. ते वजन वहिनींच्या पाठीच्या हिशेबात. चेहरा लाल व्हायचा, गळ्याच्या शिरा दिसायच्या. छप्पर खट् करून बसलं की त्या खाली उतरून, पदर झटकून विचारायच्या, "चहा कोणाकोणाला?"

मदत केलेली त्यांना आवडत नसे. "दोघांनी रेटलं की ते वाकडं जातं, भाऊजी. तुम्ही आपले समुद्राकडे बघा. तेही काम कुणीतरी करायला हवं." मी ते काम चोख करत असे.

एकदा त्यांनी मला खालून टपावरच्या वस्तू दाखवल्या. देवळातल्या मूर्ती दाखवाव्यात तशा. "तो कठडा म्हणजे मे महिन्याची सुट्टी. पेटी ऑगस्टची. सायकली नव्या वर्षाच्या. पेंडसे आमच्याबरोबर नसतात असं कोण म्हणतं? टपावर बसलेले असतात."

"वहिनी, मग काढून का नाही ठेवत?"

"कुठे ठेवू? सहा चटया मावतात एवढ्याशा खोलीत? आणि काढलं की त्यांना वाईट वाटतं. वाईट वाटलं की ते आणखी एक वस्तू आणतात."

गौरीला यातलं मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जपानीत यायचं. "बाबा कुठे गं?" असं नीलाने विचारलं तर ती चित्र काढता काढता म्हणायची, "इत्सुमो शिगोतो." नेहमीच काम. तिच्या आवाजात तक्रारही नव्हती. स्टेशनचं नाव सांगावं तसं सांगायची. वहिनी तिच्याकडे बघायच्या आणि तिच्या पेन्सिलींना टोक करायला घ्यायच्या.

चौथ्या वर्षी पुण्याच्या कॉलेजने विचारलं की येणार का, नाहीतर जागा भरून टाकतो. वहिनींनी नवऱ्याला बसवून सांगितलं. नीलालाही सांगितलं, आणि नीलाने मला. "होक्काइदो मला बघायचं नाही गं," वहिनी म्हणाल्या होत्या. "तिथे काय, बर्फच असणार. हा माणूस आठ दिवस माझ्यासमोर बसलेला बघायचाय. या ऑगस्टात बसला तर मी कॉलेजला नाही म्हणते. नाही बसला तर गौरीला घेऊन जाते."

पेंडसे म्हणाले, "एवढंच ना? करू की होक्काइदो."

आणि खरंच त्यांनी रजा घेतली. आठ दिवसांची. सुट्टी जवळ येईपर्यंत तिचे तीन दिवस उरले, आणि होक्काइदोचं फुजीजवळचं एक तळं झालं. आम्हालाही चला म्हणाले. आम्ही नको म्हणायला हवं होतं, पण गाडीत जागा आहे म्हटल्यावर मराठी माणूस नको म्हणत नाही. निघायच्या सकाळी खाली येऊन बघतो तर टपावर सायकलींच्या वर एक होडी. लहानशी, पण होडी.

वहिनींनी मान वर करून ती पाहिली. "ही कुठल्या सुट्टीची?"

"अगं, तळं आहे ना तिथे," पेंडसे म्हणाले. "सरप्राइज."

तळ्याकाठी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पेंडसे खुशीत होते. दार उघडून म्हणाले, "चल सुलभा, छप्पर घे वर."

"आधी होडी आणि सायकली उतरवा."

"कशाला? नव्या दांड्या घातल्यात मी. बोटाने वर जाईल."

"मग लावा बोट," वहिनी म्हणाल्या, आणि घडीची खुर्ची उघडून बसल्या.

तेव्हा मला कळलं की चार वर्षांत या माणसाने ते छप्पर एकदाही उचललेलं नाही. पेंडसे आत गेले. मागची बाजू वर गेली. मग ते पुढच्या पलंगावर चढले आणि हातांनी रेटू लागले. छप्पर अर्ध्यावर आलं आणि थांबलं. ना वर जाई, ना त्यांना खाली सोडता येई. आतून आवाज आला, "सुलभा, जरा ये."

वहिनी बसून होत्या.

"सुलभा, अगं जड आहे हे."

"हो," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवून नाही. कुणी वेळ विचारली आणि सांगितली, इतकंच.

मी उठलो. नीलाने माझ्या सदऱ्याचं टोक धरलं. गौरी एकदा आईकडे, एकदा गाडीकडे बघत उभी होती. मग आत धप्प झालं. पुढची बाजू खाली आली, तिच्यात कापड चिमटलं आणि फाटलं. पेंडसे बाहेर आले, तळहात लाल, चष्मा वाकडा. आता ते काही बोलतील, असं मला वाटलं. वहिनींनाही वाटलं असावं, कारण त्या खुर्चीतून थोड्या पुढे झाल्या.

पेंडशांनी फाटलेल्या कापडावरून हात फिरवला. "अकराशे न्यूटन जोराच्या दांड्या हव्या होत्या," ते म्हणाले. "दुकानदार म्हणत होता."

वहिनी मागे टेकून बसल्या. रात्री आम्ही होडीसकट सगळं सामान उतरवलं, फाटलेल्या जागी ताडपत्री बांधली आणि पाऊस नसतानाही भिजल्यासारखे झोपलो. दुसऱ्या दिवशी क्लायंटचा पेजर वाजला. पेंडसे स्टेशनवरून आगगाडी पकडून गेले.

पुढच्या रविवारी ते छप्पर उचलायचा विजेचा जॅक घेऊन आले. बटण दाबलं की छप्पर आपोआप वर. त्यांनी खाली अंगणात आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवलं. टपावर होडी, सायकली, पेटी, सगळं तसंच, आणि छप्पर सावकाश घरघरत वर गेलं. शेजारच्या जपानी आजोबांनी टाळ्या वाजवल्या. पेंडसे वहिनींकडे बघून म्हणाले, "आता तुला काही त्रास नाही."

"नाही," वहिनी म्हणाल्या, आणि वर जाऊन त्यांनी पुण्याला कॉलेजात फोन लावला.

त्या आणि गौरी सप्टेंबरात गेल्या. पेंडसे स्टेशनपर्यंत आले होते. ऑफिसात नव्या सिस्टीमची रिलीज होती, म्हणून विमानतळावर सोडायला आम्ही गेलो. गौरी रडली, जपानीत. वहिनी रडल्या नाहीत. आत जाताना वळून मला म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना अधूनमधून जेवायला बोलवा. येणार नाहीत, पण बोलवा." आम्ही बोलवत राहिलो. ते आले नाहीत. पुढे वहिनी त्याच कॉलेजातून विभागप्रमुख होऊन निवृत्त झाल्या, एकट्याच राहिल्या, आणि गेल्या वर्षी पाठीच्याच दुखण्याने अंथरुणाला खिळल्या आणि त्यातच वारल्या. पेंडसे तेव्हा तिकीट काढून निघाले होते म्हणे. पोचले दुसऱ्या दिवशी.

पण मला आठवतो तो त्या दिवशी नारिता विमानतळावरून परत येतानाचा प्रवास. आगगाडीत जागा मिळाली होती. बाहेर भातशेतं मागे पळत होती. नीला खिडकीकडे तोंड करून बसली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "पेंडशांनी तो जॅक दोन वर्षं आधी आणला असता तर राहिल्या असत्या का गं वहिनी?"

नीलाने खिडकीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "तुम्हालाही शेवटी जॅकच दिसला."