कुंपणाचा अर्ज

कागदाची घडी घालण्याआधी भाई त्यावर फुंकर मारायचे. शाईनं लिहिलेला कागद असेल तर एक वेळ समजू शकतो. पण माझ्या मशीनवर टाईप केलेल्या कागदावरही ते फुंकर मारायचे, मग घडी घालायचे, पाकीट कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "केला अर्ज. आता त्यांचं ते बघतील." दोन दिवसांनी पुन्हा माझ्या टेबलाशी हजर. "मास्तर, रिमाइंडर टाकायचा काय?"

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस आला असेल. जगातली कुठलीही अडचण योग्य माणसाला, योग्य नमुन्यात, तीन प्रतींत कळवली की सुटते, असा त्याचा पक्का विश्वास असतो. आमच्या भाईंनी पंखा फिरत नाही म्हणून अर्ज केला होता. मेसच्या आमटीत मीठ जास्त पडतं म्हणूनही केला होता, आणि स्वयंपाक्याला वाचता येत नसल्यामुळे त्याच्यासमोर उभं राहून तो त्याला वाचूनही दाखवला होता. दुसऱ्या दिवसापासून आमटी अळणी यायला लागली. भाई म्हणाले, "बघितलं? कारवाई झाली."

ही दुबईतली गोष्ट. अमिरात हे नाव तेव्हा कोणी ऐकलेलं नव्हतं, बाजारात रुपयाच चालायचा, पिण्याचं पाणी गाढवावरून यायचं आणि उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर ओली चादर पांघरून पडायचो. तिथल्या खाडीच्या एका काठाला, देरा भागात, एका अरब मालकाची सिमेंट-लाकडाची कंपनी होती. त्या मालकाला सगळे अरबाब म्हणायचे. भाई तिथलं गोदाम सांभाळायचे आणि मी टायपिंग करायचो. ते कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावचे कोकणी मुसलमान, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी चिपळूणकडचा. मी एकदा त्यांच्या अर्जातलं शुद्धलेखन सुधारलं, तेव्हापासून मी त्यांचा मास्तर झालो, आणि ते कायमचे माझ्या मानगुटीवर बसले.

एका दुपारी ते एक छापील फॉर्म घेऊन आले. मुंबईत इस्राएल समाजाचा, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचा, एक धर्मादाय ट्रस्ट होता. कोकणातल्या गावांमध्ये समाजाची प्रार्थनेची जागा, विहीर, कबरस्तान असं काही पडीक झालं असेल, तर तो ट्रस्ट दुरुस्तीला थोडीफार मदत द्यायचा. फॉर्म मराठीतच होता, कारण आपल्या कोकणातल्या इस्राएल लोकांची भाषा तीच.

"भाई, तुम्ही कधीपासून इस्राएल झालात?" मी विचारलं.

"मी नाय. मावशी हाय," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. भाई खुर्ची ओढून बसले की समजायचं, तासाची निश्चिंती.

मावशी म्हणजे त्यांच्या गावातली शेजारीण. तिच्या नवऱ्याचा तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. भाईंची आई ते चार वर्षांचे असताना गेली. दोन घरांमधल्या दगडी गडग्याला एक खिंड पाडून मावशीनं या पोराला आपल्याकडे ओढलं, आणि तो पुढे तिच्याच घरी जेवून वाढला. आता नवरा गेला होता, गावातली बाकीची इस्राएल घरं एकेक करून गेली होती, मुलगाही दूरदेशी, नव्या इस्राएल देशात जाऊन शेतीवाडीला लागला होता. तो सारखा बोलवायचा. मावशी हटून बसली होती. कबरस्तानाचं कुंपण पडलेलं, बकऱ्या थेट कबरींवर चरतात, उधाणाचं पाणी आत येतं. "यांना असं उघड्यावर टाकून मी पाय उचलणार नाही," एवढंच ती म्हणायची. आणि सत्तरी ओलांडलेली बाई एकटी, डोळ्यांनी अधू, गेल्या पावसाळ्यात दोनदा विहिरीपाशी पडलेली.

"मग द्या ना तुम्ही पैसे पाठवून," मी म्हणालो.

"पाठवले. परत आले. म्हणते, मयतांची जागा समाजाच्या पैशानंच राखायची, तुझ्या नाय. म्हणून हा अर्ज."

"आणि कुंपण झालं की ती जाईल?"

"जाईल." भाईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "रकाने नीट भरा, मास्तर. खाडाखोड नको."

फॉर्मवर पहिलीच अट होती की अर्ज किमान पाच जणांच्या समितीनं करावा. मी म्हटलं, संपलं. भाईंनी त्याच संध्याकाळी आमच्या खोलीत समिती स्थापन केली. अध्यक्ष ते स्वतः. सभासद म्हणून रत्नागिरीचा एक शिंपी, एक लाँचवरचा मेकॅनिक, आणि आमटीवाला मल्याळी स्वयंपाकी, ज्यानं सही म्हणून कागदावर एक मासा काढला. चिटणीस मी. सभेचं इतिवृत्तही लिहून घेतलं माझ्याकडून. त्यात मेकॅनिकनं गाव कुठे आहे असं विचारल्याची नोंद आहे.

हवाई टपालानं महिन्याभरात उत्तर आलं. पत्र सभ्य होतं. समितीत समाजाचे सभासद किती आहेत, अशी ट्रस्टच्या सेक्रेटरींनी पृच्छा केली होती.

मी म्हणालो, "भाई, आता खलास. गुंडाळा."

भाईंनी पेन कानामागून काढलं. "लिहा. सध्या एक जागा रिक्त असून योग्य उमेदवार मिळताच भरण्यात येईल."

मी हसून हसून मशीनवर पडलो. पण त्यांनी ते खरंच पाठवलं, आणि त्याच टपालानं मावशीला कळवलं की तुझी अध्यक्षपदी नेमणूक झाली आहे, मी खाली उतरून उपाध्यक्ष झालो आहे. मावशीनं पोस्टमनकडून लिहवून घेतलेलं उत्तर मी वाचलं आहे. तिनं विचारलं होतं, "अध्यक्ष झाल्ये ते कळलं. समितीत जेवायला कोण घालतं तुम्हाला? नीट खातोस ना?"

ट्रस्टनं अध्यक्ष मान्य केले आणि कामाचा सविस्तर तपशील मागवला. इथे भाईंनी जो घोळ घातला, तो दुबईत सिमेंटच्या गोदामावर बसलेल्या माणसालाच जमणारा होता. कागदावर तपशील काढून त्यांचं समाधान होईना. त्यांनी भिंतीचा नमुनाच तयार केला. वीतभर उंच, हातभर लांब, आत बारीक दगड, वरून सिमेंटचा गिलावा, माथ्याला पाणी ओघळून जायला उतार. आठ दिवस त्याच्यावर ओलं गोणपाट टाकून दिवसातून तीनदा पाणी मारत होते. पिण्याच्या पाण्याची मारामार, आणि हे भिंतीला आंघोळी घालतायत. मी भांडलो त्यांच्याशी.

अरबाब एकदा गोदामात आले आणि त्या वस्तूभोवती फिरले. त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "ये क्या है?"

"मावशी के लिए दीवार," भाई म्हणाले.

अरबाबनी खाली वाकून पाहिलं. "तेरा मावशी चींटी है क्या?"

नमुना हवाई टपालानं जाणं शक्य नव्हतं. तेव्हा तो गोणपाटात शिवून, त्यातच तपशिलाचा कागद बांधून, मुंबईकडे निघालेल्या एका लाँचवर ओळखीच्या नाखव्याच्या हवाली केला. आता लाँच म्हणजे दर्याची मर्जी. वाटेत दोन ठिकाणी माल घेणार, एखादं वादळ आलं तर आडोशाला थांबणार. आणि भाईंना दुसऱ्याच दिवशी खाज सुटली. "मास्तर, रिमाइंडर टाकायचा काय?"

मी सांगून पाहिलं. लाँच अजून समोर दिसतेय, भाई. ते म्हणाले, रिमाइंडरनं कोणाचं वाईट होत नाय. पहिला हवाई टपालानं गेला. आठवड्यानं दुसरा. मग तिसरा, त्यात "वारंवार कळवूनही" हे शब्द होते. टाईप मीच केले, पाप माझ्याही डोक्यावर आहे.

सेक्रेटरींचं उत्तर मला आजही तोंडपाठ आहे. "आपली तीन स्मरणपत्रे मिळाली. आपण ज्याचे स्मरण करून देत आहात, ते मात्र अद्याप मिळालेले नाही. काय आठवावे, हे कृपया कळवावे."

मी पत्र मोठ्यानं वाचलं तेव्हा शिंपी तोंडातल्या टाचण्या बाहेर काढून हसला. भाई मात्र गंभीर. "माणूस चांगला हाय," म्हणाले. "उत्तर देतो."

लाँच परत आली ती दीड महिन्यानं. नाखवा तोंड पाडूनच गोदामात शिरला. तिकडच्या बंदरात लाँच अडवली होती. दुबईहून आलेली लाँच म्हटली की सोन्याचा संशय, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तपासणीवाल्यांनी खजूर उपसले, पिंपं उघडली, आणि मग त्यांना गोणपाटात शिवलेला एक जडशीळ सिमेंटचा ठोकळा सापडला. धर्मादाय ट्रस्टच्या नावानं. दहा जण गोळा झाले. हातोडा मागवला.

"फोडला?" भाईंनी विचारलं.

"फोडला, भाई. चुरा केला. आत काय नाय मिळालं म्हणून आणखी बारीक केला." नाखव्यानं खिशातून एक कागद काढला. "ही पावती दिली. कागदपत्रं तेवढी ट्रस्टात पोचवली मी."

मला वाटलं आता हा माणूस मटकन बसणार. आठ दिवस पाणी मारलं होतं हो त्यानं. भाईंनी पावती उलटून पाहिली आणि विचारलं, "कितव्या घावाला फुटला?"

नाखवा आठवू लागला. "पहिला शिपाई दमला. मग दुसरा आला. अकरा तरी झाले असतील."

"अकरा," भाई माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. "मास्तर, कागद चढवा मशीनवर."

आणि आमच्या समितीनं ट्रस्टला कळवलं की नमुन्याची सरकारी अधिकाऱ्यांकडून बंदरावर तपासणी झाली असून तो अकरा घाव टिकला. आत दगड आणि सिमेंटखेरीज काहीही भेसळ आढळली नाही, सबब सोबत सरकारी पावतीची नक्कल. गावातल्या बकऱ्या एवढ्या जोरानं धडकत नाहीत, हे वाक्य मी काढून टाकलं होतं. भाईंनी ते हातानं पुन्हा लिहिलं.

मदत मंजूर झाली. सेक्रेटरींनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की ट्रस्टच्या बैठकीत आपला अर्ज दोनदा वाचण्यात आला, दुसऱ्यांदा सभासदांच्या आग्रहावरून.

खोलीत त्या रात्री बिर्याणी झाली. स्वयंपाक्यानं मीठ बरोबर टाकलं. सगळे भाईंच्या पाठीवर थापा मारत होते आणि भाई ताटात बोटं फिरवत होते. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाले, "मावशी आता जाईल."

"ते तर तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"हो, होतं ना." त्यांनी ताट बाजूला सारलं. "मनात यायचं, ट्रस्टवाल्यांनी नाय म्हणावं. मग लगेच रिमाइंडर टाकायचो, मास्तर. नायतर मीच अर्ज मागे घेतला असता."

इतके दिवस मी त्या रिमाइंडरांवर हसत आलो होतो. मला फार वाईट वाटलं.

रजा काढून ते गावी गेले. स्वतः गवंड्याच्या हाताखाली उभं राहून त्यांनी कुंपण घातलं. मावशी रोज खुर्ची टाकून बसायची आणि अध्यक्ष या नात्यानं गवंड्याला शिव्या घालायची, असं सांगत होते. काम संपल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनीच तिला मुंबईला नेऊन मुलाकडे जाणाऱ्या बोटीत बसवलं. पुढे दोन वर्षांनी भाई नोकरी सोडून गेले, मीही दुबई सोडली, आणि आज ते कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही.

पण मला ते दिसतात ते गावाहून परत आल्यानंतरच्या आठवड्यातले, माझ्या टेबलासमोर. ट्रस्टनं काम पूर्ण झाल्याच्या अहवालाचा फॉर्म पाठवला होता. मी विचारत होतो, ते सांगत होते, मी टाईप करत होतो. लांबी, उंची, दगड कुठला. शेवटचा रकाना आला. सदर कामाचा लाभ गावातील समाजाच्या किती व्यक्तींना होत आहे?

भाईंनी तो मला पुन्हा वाचायला लावला. मी म्हटलं, "वीस टाकू. कोण मोजायला जातंय?"

"खोटं नको," ते म्हणाले. "गावात आता कोण नाय. शून्य लिहा."

मी मशीनवर बोट ठेवलं तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला. "थांबा. मयत धरून चालेल ना? कुंपण त्यांच्यासाठीच हाय." आणि ते बोटांवर मोजायला लागले. फाटकापाशी मावशीचे सासू-सासरे, त्यांच्या मागे पोस्टातले काका, चिंचेखाली दोन लहान पोरं, अशा ओळीनं ते नावं घेत गेले, डोळे मिटून, त्या जागेतून चालत असल्यासारखे. शेवटी घाणेवाल्या मावसाजींपाशी आले.

"एकेचाळीस," ते म्हणाले. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "मावसाजींच्या बाजूला मावशीनं स्वतःसाठी जागा ठेवलेली. मोकळीच हाय ती. ती धरायची काय, मास्तर?"

मी बेचाळीस टाईप केलं.