घाटापलीकडचा कोबी

मी वाचायला शिकले ती टोमॅटोच्या क्रेटच्या तळाशी अंथरलेल्या कागदांवर. बाबा बेळगावहून भाजीचा टेम्पो घेऊन चोर्ला घाट उतरत, आणि क्रेटमध्ये कुठल्या ना कुठल्या आंदोलनाची उरलेली पत्रकं असत. ती पुसून, वाळवून मी मोठ्यानं वाचत बसे.

त्यामुळे राज्याला लागणारी भाजी राज्यातच पिकवायचा आराखडा सरकारनं आणला आणि आमच्या सर्वण गावात त्याची सभा ठरली, तेव्हा मीही पत्रकच लिहिलं. दरड कोसळून घाट बंद झाला की डिचोलीचा बाजार रिकामा होतो, आणि तिकडे पेडण्यात पिकती शेतं बुजवून बंगले उभे राहतात. हे कुठवर चालवून घ्यायचं? पडीक मळे कसायला घ्या, सरकारी केंद्रानं ती भाजी हमीभावानं घ्यावी, परकी भाजी थांबवा. यातला शब्द न् शब्द मला पटत होता. ती भाजी थांबल्यावर बाबांच्या टेम्पोचं काय, हे मात्र मी लिहिलं नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं.

बाबांनी कागद जेवताना वाचला, दारावर येणाऱ्या पोदेराच्या पावानं पातळभाजी पुसत.

"बरा लिवलंस," ते म्हणाले. "पण परको कोबी म्हणजे? तोच कोबी खाऊन वाढलंस तू."

मी ‘परकी’ खोडलं.

सभेत कृषी अधिकाऱ्यांनी बियाणं, पंप, खरेदी सगळं समजावलं. मी पत्रकं वाटत असताना शेजारचे काका सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आनी तुझो बापूस खय जातलो गे? वांगी राखूक?"

सगळे हसले. मी उत्तर जुळवत होते, तोवर मागच्या रांगेतून बाबा उठले.

"राखूक नाय, टेम्पोत भरून व्हरूक," ते म्हणाले. "तुमी पिकवा तर खरी. धुक्यात घाट उतरण्यापरास रातीक घरा जेवलेला बरा."

घाटाची त्यांना धास्ती वाटते, हे मला त्या दिवशी सभेत कळलं. घरी ते फक्त भाजीचे दर सांगत.

पावसाळा सरल्यावर काही जणांनी मळे कसायला घेतले. थेट पेडण्यातल्या पार्से गावापासूनची भाजी गोळा करून केंद्रावर पोचवायचं काम आठवड्यातून एकदा बाबांना मिळालं. बाकीचे दिवस घाट आहेच, आणि त्याबद्दल मी अधिकाऱ्यांशी अजून भांडतेच.

पहिल्या खेपेला टेम्पो अर्धाही भरला नाही. तांबडी भाजी, मुळा, थोड्या मिरच्या. ऐन दुपारी बाबा दारात उभे राहिले, चुकून आल्यासारखे. आईनं टोपावरचं झाकण उचललं. भात आम्हा दोघींपुरताच होता.

"आधी सांगूक नाय?" ती म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ धुवायला घेतले. बाबा तिच्या शेजारी पाटावर बसले आणि खिशातून आणलेल्या मिरच्यांचे देठ खुडू लागले.