पापड, माकडं आणि बाबांचा दरारा

आमच्या बोरिवलीच्या दोनमजली बिल्डिंगमागे डोंगर होता. एप्रिलमध्ये गच्चीत पापड पडले की तिथली माकडं खाली उतरायची. आई ओरडायची, हात उगारायची, ती ढिम्म. तिच्या डोळ्यांदेखत पापड खायची. तळमजल्यावरचे बँकवाले काका काठी घेऊन वर आले की मात्र पळायची. काका म्हणाले, "वहिनी, जनावराला उपजत कळतं, बाप्या कोण नि बाई कोण. निसर्ग आहे तो."

हे बाबांनी ऐकलं. त्या वर्षी गिरणीचा संप लांबला होता. ज्यांच्या एका हाकेला गिरणीतलं अख्खं खातं वळायचं, ते बाबा तीन महिने घरात बसून एकच पेपर दोनदा वाचत होते. घर आईच्या पापडांवर चाललं होतं, पण पापडाला ते हात लावत नसत. ते बायकांचं काम. राखण मात्र पुरुषाची! दुसऱ्या दिवसापासून आठच्या ठोक्याला बाबा काठी घेऊन गच्चीवर हजर, तेही डबा घेऊन. आई गंभीर चेहऱ्याने डबा भरून द्यायची. मी दहावीची परीक्षा देऊन रिकामी होते, मला हसू आवरायचं नाही.

माकडं खरंच घाबरली. बाबांची मान ताठ झाली, जेवताना आवाजही चढला. पण माणूस नुसता किती बसणार? आधी वाऱ्याने उडालेला पापड त्यांनी उचलला. मग ऊन बघून पापड उलटायला लागले. पंधरा दिवसांत काठी टाकीला टेकलेली, बाबा उकिडवे बसलेले, आणि वर आईलाच ऐकवताहेत की कड जाड राहतेय.

एक दिवस पोटाशी पिल्लू धरलेली माकडीण आली आणि बाबांच्या हातातला पापड काढून घेऊन समोरच खात बसली.

"अगो बाय!" जिन्याच्या दारातून आई म्हणाली. "माकडांनी तुमका आता बायलमाणसांत धरल्यांनी!"

मी हसले आणि बाबांचा चेहरा पाहून जीभ चावली. त्यांच्याकडे तेवढाच दरारा उरला होता.

आईलाही ते कळलं असावं. तिने टाकीजवळची काठी उचलून जमिनीवर आपटली. माकडीण पिल्लासकट कठड्यावरून पसार! काकांच्या निसर्गाला हे कुणी कळवलं नव्हतं.

बाबा बघतच राहिले. "म्हणजे माका नाय, ह्या काठयेक भियत होती?"

"मगे काय!"

आणि बाबा हसायला लागले. तीन महिन्यांत पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाले, "उद्यापासून काठी तू धर. लाटूक मी बसतंय. तुझी कड जाड रवता."

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला आई काठी घेऊन गच्चीवर निघाली. डबा बाबांनी भरला होता. भाजीत मीठ घालायचं राहिलं होतं, पण आईने ते त्यांना कधीच सांगितलं नाही.