जिन्याच्या वळणावर

भीमण्णा बिदर जिल्ह्यातल्या आमच्या मेहकरच्या शाळेत शिपाई म्हणून लागले तेव्हा शाळेला कुंपणसुद्धा नव्हतं. बाकं उचलायची असोत की गॅदरिंगचा मंडप बांधायचा असो, पहिला हात त्यांचाच लागायचा. पन्नाशी उलटली तरी भरलेलं पोतं ते कुणाच्या मदतीशिवाय पाठीवर घेत. हा माणूस कितीतरी महिने भीत भीत कामावर येतोय असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. मुलं गेल्यावर वरच्या मजल्यावरचं ऑफिस खाली फाटकाजवळच्या खोलीत हलवायला घेतलं. कपाटं, खुर्च्या उतरल्या. राहिला प्रिंटर. झेरॉक्स, प्रिंट सगळं एकातच करणारं ते मोठं धूड, दोघांशिवाय हलणारं नव्हतं.

"मॅडम, ह्याला भालकीहून हमाल बोलवू की," भीमण्णा म्हणाले. "सोमवारी नेऊ."

"सोमवारी ह्या वरच्या खोलीत दहावी बसायलीय, भीमण्णा," आमच्या मुख्याध्यापिका उमादेवी मॅडम म्हणाल्या. "आजच व्हायला पाहिजे."

क्लार्क मृत्युंजय हसला. "अण्णा, तुम्ही असताना हमाल कामून?"

भीमण्णांनी बाह्या वर सारल्या. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या हातातून चहाचा ग्लास पडला होता. ग्लास फुटल्याचा आवाज आला तेव्हाच त्यांना कळलं की तो आपल्या हातात नव्हता. पुढे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मधूनमधून बधिर व्हायला लागलं. त्यांच्या वडिलांना, अप्पांनाही असंच बोटांपासून सुरू झालं होतं. वर्षभरात अप्पांचं उजवं अंग गेलं, आणि नंतरची सगळी वर्षं त्यांनी खाटेवर काढली. भरवायचं, पुसायचं काम लहानग्या भीमण्णाकडे होतं. म्हणून त्यांनी हाताचं कुणालाच सांगितलं नाही. घंटा ते डाव्या हातानं द्यायला लागले. आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

मृत्युंजयनं प्रिंटर बंद करून गार होऊ दिला. वायरी काढल्या, टोनर काढून पिशवीत गुंडाळला, कागदाचा ट्रे वेगळा केला, झाकणं हलू नयेत म्हणून चिकटपट्ट्या लावल्या. "अण्णा, खालनं धरायचं. कलू द्यायचा न्हाई," तो म्हणाला. मी गणिताचा मास्तर. ट्रे घेऊन पुढे उतरलो आणि जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिलो.

जिना बाहेरून आहे, अरुंद, आणि एका बाजूला कठडा नाही. मृत्युंजय खालच्या बाजूला, पाठमोरा उतरत होता. भीमण्णा वर. प्रिंटरचं बरंचसं वजन मृत्युंजयच्या छातीशी येत होतं. वळणापर्यंत सगळं नीट आलं.

वळणावर भीमण्णा थांबले.

"चला की अण्णा."

त्यांची नजर स्वतःच्या उजव्या हाताकडे होती. नंतर त्यांनी मला सांगितलं, बोटं यंत्राखाली दिसत होती, पण ती माझी नव्हती, सर. दुसऱ्या कुणाची तरी तिथं ठेवल्यासारखी. आणि ती उलगडत होती. खाली मृत्युंजयची मान दिसत होती, त्याच्या पाठीमागं नुसत्या पायऱ्या. मृत्युंजयला सांगायला हवं होतं, पण एकदा हे तोंडातून गेलं की नोकरी गेली, आणि आपण अप्पांच्या खाटेवर गेलो, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

यंत्र एका कोपऱ्यानं खचलं. मृत्युंजयचा पाय पायरीवर सरकला.

"मृत्युंजय," भीमण्णा म्हणाले, "माझा हात गेला. हात राह्यला न्हाई मला."

तसेच ते मागच्या पायरीवर बसले आणि डाव्या हातानं, छातीनं यंत्र स्वतःकडे ओढलं. सगळा भार त्यांच्या मांड्यांवर आला. मी ट्रे टाकून वर धावलो, मृत्युंजयच्या बाजूनं हात घातला. आम्ही दोघांनी ते वळणावरच्या सपाट जागेत टेकवलं. मृत्युंजयचे ओठ पांढरे पडले होते. भीमण्णा हात मांडीवर घेऊन बसले होते, मेलेलं पाखरू धरावं तसा.

उमादेवी मॅडम वरून आल्या. रागावतील असं मला वाटलं. त्या पायरीवर टेकल्या आणि हळूच विचारलं, "कधीपासनं हाय हे?"

"दिवाळीपासनं."

"घरी सांगितलाव?"

"न्हाई."

उरलेला जिना मी आणि मृत्युंजयनं प्रिंटर उतरवला. खालच्या खोलीत, उन्हापासून लांब, भक्कम टेबलावर ठेवला. जोडल्यावर पहिला कागद स्वच्छ निघाला. त्याचा आनंद कुणालाच झाला नाही.

मॅडमनी मला भीमण्णांबरोबर घरी पाठवलं. त्यांची बायको शांतम्मा अंगणात ज्वारी निवडत होती. भीमण्णांनी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "डाव्या हातानं दाढी करायलाव, तवाच वळखलं. इचारायची भीती वाटायली. इचारलं तर खरं होईल म्हणून."

भीमण्णा तिच्याजवळ खाली बसले. मीच पाणी मागितलं.

बिदरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. कोपरापाशी नस दबली होती, लकवा नव्हता. भीमण्णांनी डॉक्टरांना आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये, उत्तर बदलतं का पाहावं तसं, विचारलं, "अंग जाणार न्हाई ना?" डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही, पण उशीर केलात, बोटांत सगळं परत येईलच असं सांगता येत नाही. जड उचलणं बंद.

मॅडमनी त्यांना फाटकावरचं आणि ऑफिसातलं काम दिलं. नोकरी राहिली. ऑपरेशनही झालं, करंगळी मात्र अजून बधिरच आहे. परवा त्यांना विचारलं, आता भीती वाटत नाही ना? त्यांनी मुलांचे दाखले टेबलावर सारखे केले आणि म्हणाले, "वाटती की, सर. पण आता शांतम्माला सांगतो, आज वाटायलीय म्हणून."