काळे होते, किडलेले नव्हते

"मावशी, खालचे दात काढले तेव्हा दुखत होते का?" एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टरांनी विचारलं.

"एक दुखत होता. बाकीचे काळे होते."

"मिशेरी लावता?"

"लहानपणापासून."

त्यांनी माझे वरचे दात पुन्हा एकदा बघितले. "हेही काळेच आहेत, पण मुळं पक्की आहेत. खालचेही असेच असणार. काळे होते, किडलेले नव्हते. साफ करून डाग निघाला असता."

साठीच्या तोंडावर, डहाणू स्टेशनजवळच्या दवाखान्यात माझं असं निदान झालं. आजाराचं नाव 'बोन रिझॉर्प्शन'. म्हणजे दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं. त्या झिजल्या हाडावर कवळी बसत नाही, घसरते आणि हिरडी सोलते. दहा वर्षं मी समजत होते की माझीच हिरडी नाजूक.

मी सोलापूरकडची. चौथीतून शाळा सुटली. नवरा गेल्यावर इकडे गुजरातच्या सीमेलगत, उधव्याच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला आले, ती इथेच राहिले. सत्याऐंशी सालच्या सुमाराला एक दाढ ठणकायला लागली. दातांचा डॉक्टर डहाणूला, आणि पोरांचा स्वयंपाक टाकून जायचं कसं? म्हणून आठवडी बाजारातल्या दातवाल्याकडे गेले. त्याच्या पुढ्यात लाल कापड, कापडावर काढलेल्या दातांचा ढीग. ढीग मोठा म्हणजे माणूस अनुभवी, असं आम्ही समजायचो.

"अरे बेन, आखी लाइन सडली. एक काढून काय होणार?" तो म्हणाला.

तीन बाजारांत त्याने चौदा दात काढले, त्याच ढिगात टाकले आणि कवळी दिली. वरचे पुढच्या वर्षी काढू म्हणाला. कवळीने तोंड इतकं सोललं की मी परत गेलेच नाही, म्हणून वरचे वाचले.

ती कवळी बोलताना उडायची. पोरं हसायची, मग तोंडाला पदर. गावाकडे जाणंही मी कमी केलं. तिकडे कडक भाकरी, आणि मी वरणात कालवून खाणार. बहीण म्हणायची, "तिकडची झालीस, आता आमची भाकरी गोड लागत नाही." मी पोटाचं दुखणं सांगायचे.

शेवटी शाळेतल्या बाईंनीच मला डहाणूला नेलं. डॉक्टर मुंबईहून महिन्यातून एकदा यायचे. त्यांनी 'इम्प्लांट' सांगितलं. टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू हाडात बसवायचा, आणि कवळी त्यावर टिचबटणासारखी लावायची.

"हाड दोन स्क्रूंपुरतंच आहे," ते म्हणाले. "ते धरले नाहीत तर दुसऱ्यांदा बसवायला जागा नाही. आणि मिशेरी आजपासून बंद. तंबाखूने जखम भरत नाही."

नवरा गेला त्या दिवशीही मी मिशेरी लावली होती. पण आता डबीकडे हात गेला की ते लाल कापड दिसायचं. माझे चांगले दात मांडून तो गिऱ्हाइकं बोलावतोय. डबी मी चुलीत टाकली. माझी मिशेरी देवाने नाही सोडवली, त्या माणसावरच्या रागाने सोडवली.

ऑपरेशनआधी साखर बघितली, रक्तदाब बघितला. तो भीतीने वाढलेला. थोडं पडून राहायला सांगितलं, मग पुन्हा मोजला. इंजेक्शनने दुखलं नाही, पण मशीनचा आवाज कवटीतून येत होता. बाई बाहेर बाकड्यावर बसून होत्या.

मग चार महिने वाट बघायची. हाड स्क्रूला घट्ट धरतं, त्याला 'ऑसिओइंटिग्रेशन' म्हणतात. हे नाव बाईंनी मला कागदावर लिहून दिलं होतं. पोळ्या लाटताना जीभ सारखी तिथे जायची. हललं का? धरलं का?

चार महिन्यांनी डॉक्टरांनी हिरडी उघडली आणि छोट्या किल्लीने स्क्रू फिरवून बघितले.

"हलत नाहीत, मावशी."

मला रडू आलं. दुखलं वाटून त्यांनी हात मागे घेतला. दुखत नव्हतं. बाजार किती दिवसांवर आहे, ते मी मोजत होते.

नवी कवळी बसली, भाकरी चावता आली, आणि त्याच आठवड्यात मी त्याच्या लाल कापडासमोर जाऊन बसले. त्याने ओळखलं नाही.

"बोल बेन, कुठला दुखते?"

"कुठलाच नाही. यातले चौदा माझे आहेत. कोणते, ते तूच निवडून दे."

लोक हसले. "धंद्याच्या टायमाला मस्करी नको," तो पुटपुटला. त्याच्या स्टुलावर एक बाई तोंड उघडून बसली होती. दात माझ्यासारखेच काळे.

"मिशेरी लावतेस? किती दुखतात?"

तिने एक बोट दाखवलं.

"मग चल, ऊठ," मी म्हटलं. ती उठली. पुढच्या खेपेला डॉक्टर आले तेव्हा मी तिला घेऊन गेले.

तेव्हापासून सुट्टी मिळेल त्या बाजाराला मी त्याच्यासमोर बसते आणि येईल त्याला विचारते, किती दुखतात. कंटाळून तो झाईच्या बाजारात बसायला लागला. तिकडेही एसटी जाते.

तुम्हालाही कोणी म्हणालं सगळे दात काढा, तर आधी एक्स-रे मागा. एक दुखत असेल तर एकाचंच बोला.

डॉक्टर म्हणतात, "मावशी, तो म्हातारा झाला, आता सोडा." त्यांचे आणि बाईंचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते सांगतील ती गोळी घेते, सांगतील तेव्हा तपासायला जाते. एवढं एक मात्र ऐकत नाही. त्याच्या हातात पक्कड आहे तोवर मी समोर बसणार.