दिन्याची पाच तारांची गिटार

आमच्या बँडला नऊ वर्षांत एकही बक्षीस मिळालेलं नाही. किस्से मात्र पोत्यानं साचलेत! रत्नागिरीत राहून रॉक बँड काढला की दुसरं काय साचणार? परवा एक गृहस्थ दुकानात येऊन विचारून गेले, "तुम्ही बारशाला वाजवता का हो?"

आम्ही चौघं. मुक्ता गाते, एरवी शाळेत चित्रकला शिकवते. अल्ताफ ड्रम्स वाजवतो, एरवी बर्फाच्या कारखान्यात असतो. मी बेस गिटार वाजवतो आणि माझं मेडिकल स्टोअर आहे, म्हणून हे सगळे मला 'डॉक्टर' म्हणतात. चौथा दिन्या. मिरकरवाड्याच्या जेटीवर वडिलांबरोबर मासेमारीची जाळी दुरुस्त करतो, आणि तोच आमचा लीड गिटारिस्ट.

गावात गिटारचा क्लास केलेला प्रत्येक माणूस मला कधी ना कधी गाठतोच. "बँड चांगलाय रे तुमचा, पण दिन्याला वाजवता येत नाही." पूर्वी मी वाद घालायचो. आता किस्से सांगतो.

*

पहिला तंगुसाचा. तंगूस म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा दोरा.

कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा पहिला मोठा कार्यक्रम होता. आदल्या दिवशी दिन्याच्या गिटारची सगळ्यात बारीक तार तुटली. दुसरी तार कोल्हापूरहून मागवायची, म्हणजे चार दिवस. दिन्यानं शांतपणे तंगूस काढला, बोटांनी चाचपला आणि तारेच्या जागी अशी काही गाठ मारून बांधला की हत्तीनं ओढला तरी सुटू नये! छेडून बघितला, तर आवाजही बरा आला. आम्ही त्याची पाठ थोपटली.

स्टेजवर अॅम्प्लिफायर चालू झाला आणि तंगूस मुका! इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात लोहचुंबक असतात. त्यांना पोलादाची तार कळते, नायलॉन कळत नाही. हे चार पदवीधरांच्या बँडमध्ये एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दिन्यानं दोनदा त्या तंगुसाकडे बघितलं आणि उरलेला दीड तास पाच तारांवर वाजवला. पोरं बाकांवर उभी राहिली होती. खाली उतरल्यावर मी म्हटलं, "उद्याच नवी तार मागवू."

"नको. तंगूसच ऱ्हवू दे."

"अरे, पण वाजत नाही तो!"

"म्हणून तर. हात तिकडं गेला की कळतं, उगाच गेलो."

तो तंगूस आजही त्याच्या गिटारवर आहे.

*

गुहागरला एका हॉटेलच्या उद्घाटनाला गेलो होतो. आमच्या एका गाण्यात मध्येच दिन्या गिटार सोडून देतो. काही वाजवत नाही. अल्ताफचा ड्रम हळू चालू असतो, माझा बेस असतो आणि दिन्या नुसता उभा. मग सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागतं तेव्हा एकच सूर लावतो आणि तो तारेवर लांबपर्यंत ओढत नेतो.

त्या दिवशी तो थांबला आणि साउंडवाला धावत स्टेजवर आला. वायर काढली, घातली, पुसली, फुंकर मारली. शेवटी माइक चालू आहे हे विसरून अल्ताफला म्हणाला, "वायर ओके आहे. माणूस बिघडलाय!"

समुद्रापर्यंत ऐकू गेलं. हॉटेलमालकानं जेवताना मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "पुढच्या वेळी न थांबता वाजवणारा माणूस आणा."

मी ही तक्रार दिन्याच्या वडिलांना सांगितली. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. ते जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून धरून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "डॉक्टर, ह्या जाळ्यात दोरा जास्त की भोकं जास्त?"

"भोकं."

"मग सांग त्या हॉटेलवाल्याला, भोकं बुजवलीस तर ती गोधडी झाली. गोधडीत मासा येत नाय."

*

आता सुमनमावशी. आमची प्रॅक्टिस आबांच्या जाळ्यांच्या शेडमध्ये चालते आणि शेडच्या समोरच सुमनमावशी माशांचा लिलाव पुकारते. त्यामुळे नऊ वर्षं आमचं प्रत्येक गाणं तिच्या कानावर पडलंय. तिचा अभिप्राय आजवर एकदाच मिळाला: "बर्फाची मशीन ह्याच्यापेक्षा बरी वाजते." अल्ताफला आनंद झाला, कारण ती मशीन त्याच्या ताब्यात असते.

तिचा लिलाव एकदा सुरू झाला की थांबत नाही. बोटी लागल्या, पाट्या उतरल्या, की उन्हात मासा किती वेळ टिकणार? तिचं एक ठरलेलं वाक्य आहे: "माणूस थांबंल, मासा थांबायचा नाय." एकदा एक बडे पुढारी जेटी बघायला आले. हार, कॅमेरे, दहा-बारा गाड्या. कोणीतरी म्हणालं, "मावशी, दोन मिनिटं थांबा, साहेब बोलतायत." मावशीनं साहेबांना हातानं बाजूला केलं, कारण ते पापलेटच्या पाटीसमोर उभे होते!

मुलगी बाळंत झाल्याचा फोन आला तेव्हाही मी तिथेच होतो. एका कानाला फोन, समोर गिऱ्हाइकं. "साडेसातशे, साडेसातशे... काय? मुलगा? बरी हाय ना ती?... आठशे! आठशे कोण बोलला?" पाटी विकली गेली, मग तिनं पदरानं डोळे पुसले, आणि पुढची पाटी ओढली.

*

गेल्या वर्षी आम्ही मुंबईला एका स्पर्धेला गेलो. परीक्षक मोठे गिटारवाले होते. त्यांनी दिन्याला स्टेजवरच विचारलं, "हा कुठला स्केल होता?"

"म्हाईत नाय. जिथं बरं वाटलं तिथं थांबलो."

"स्पीड किती आहे तुझा? मिनिटाला किती नोट्स?"

"मी एकच लावतो. मिनिटभर पुरते."

लोक हसले, टाळ्या पडल्या. परीक्षक हसले नाहीत. आमच्या कागदावर त्यांनी एक ओळ लिहिली: बँड उत्तम, गिटारिस्ट बदला.

मुक्तानं तो कागद तिथेच फाडला. पण ओळ माझ्या डोक्यात राहिली. खरं सांगतो, मी डगमगलो. नऊ वर्षं झाली होती, चाळिशी दिसायला लागली होती, एकदा तरी जिंकावं असं वाटत होतं. यंदा त्याच स्पर्धेनं आधी व्हिडिओ मागवला. निवड झाली तर मुंबई, नाही तर घरी बसा. आणि मी कौस्तुभला फोन केला.

कौस्तुभ पुण्यात रीतसर शिकून आलेला, सगळ्या ग्रेड पास. माणूस वाईट नाही, आणि वाजवतो तर असा की त्याची बोटं दिसत नाहीत. मुक्ता माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. अल्ताफ एवढंच म्हणाला, "डॉक्टर, औषध चुकतंय."

दिन्याला सांगायचं काम अर्थात माझंच होतं. मी शेडमध्ये गेलो, म्हटलं, "तुझ्या जागी कौस्तुभ. फक्त व्हिडिओपुरतं रे."

तो जाळं दुरुस्त करत होता. "बरं," म्हणाला. हातातली गाठ पुरी केली, दोरा तोडला. "मग तू मला मुंबईला नेशील कशाला?"

मी खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा करत बसलो. तो भांडला असता तर बरं झालं असतं. मग तोच म्हणाला, "जेटीवर शूट करताव ना? मावशीला मी सांगतो. वायर बर्फवाल्यांकडून ओढूया."

मला माझी लाज वाटली. पण कौस्तुभला मी नको म्हटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

*

शूटिंगच्या दिवशी चार वाजता जेटीवर पोचलो. बोटी लागल्या होत्या, लिलाव ऐन रंगात. मुक्तानं स्टँडवर मोबाइल लावला. दिन्यानं सकाळपासून राबून वायर ओढली होती, अॅम्प्लिफायरला ओल लागू नये म्हणून तो फळीवर ठेवला होता. मग तो जाऊन आबांच्या शेजारी बसला.

कौस्तुभनं सोलो सुरू केला. काय वाजवलं त्यानं! खालून वर, वरून खाली, दोन्ही हात गिटारच्या गळ्यावर. सलग चार मिनिटं, एक चूक नाही. जेटीवरच्या एकाही माणसानं मान वळवली नाही. सुमनमावशी त्याच्या सुरांच्या वर आवाज चढवून सुरमई पुकारत होती.

"लोकांचा कोलाहल फार येतोय," कौस्तुभ म्हणाला. "रेकॉर्डिंग बघू दे." तो मुक्ताच्या मोबाइलकडे गेला आणि जाता जाता गिटार दिन्याकडे दिली. "जरा धर रे."

दिन्यानं गिटार धरली. नवीकोरी, चकचकीत. सहाच्या सहा तारा पोलादाच्या. उभा राहिला, पट्टा खांद्यावर घेतला, माझ्याकडे बघितलं. मी बेसवर पहिला सूर दिला. अल्ताफनं काठ्या उचलल्या.

आमचं ते गुहागरचं गाणं. बारीक तार या वेळी जिवंत होती, पण त्याचा हात तिकडे गेला नाही. मध्यावर तो थांबला. नुसता उभा. लाटा धक्क्यावर आपटत होत्या. मग त्यानं तो एक सूर लावला आणि ओढायला लागला.

मला आधी कळेना, काय बदललं. मग कळलं की आकडे ऐकू येत नाहीत. सुमनमावशीचा हात हवेत होता, समोर सुरमईची पाटी, भोवती पंधरा-वीस गिऱ्हाइकं, आणि सगळे गप्प. कौस्तुभ मोबाइल विसरून बघत उभा राहिला होता.

दिन्याच्याही ते लक्षात आलं. कोळ्याचाच पोरगा तो, लिलाव थांबलेला पाहून घाबरला. त्यानं तळव्यानं तारा दाबल्या. "मावशी, चुकलं. तुम्ही घ्या लिलाव."

सुमनमावशीनं पाटीतल्या सुरमईवर मूठभर बर्फ टाकला.

"तू थांबलास कशाला मेल्या? वाजव. मासा थांबंल."